पाण्यातली क्रेन

फोटोतल्या क्रेन मी मेट्रोत बसल्या बसल्या पुसल्या. हल्ली फोनला ते जमतं. नको असलेल्या वस्तूभोवती बोट फिरवायचं, दोन सेकंद थांबायचं, की तिथं नुसतं आभाळ उरतं. तीन क्रेन होत्या. एक तर अगदी मधोमध, लांबलचक हात आडवा करून उभी. बार्सिलोनातल्या साग्रादा फमिलिया या चर्चच्या पूर्वेच्या अंगाला रस्ता ओलांडला की एक बाग लागते, बागेत तळं आहे, आणि तळ्याच्या अलीकडच्या काठावरून फोटो घेतला की मनोरे आभाळातही येतात आणि पाण्यातही. सगळे तिथूनच घेतात. मीही माझी पाळी येईपर्यंत थांबून घेतला. संध्याकाळचं ऊन, पाण्यावर थोडा शेवाळी हिरवेपणा, एक बदक. एवढ्या चांगल्या फोटोत त्या लोखंडी काड्या कशाला, म्हणून पुसल्या आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, ‘१४२ वर्षं झाली, अजून बांधकाम चालूच आहे!’ उद्गारचिन्हासकट.

मिरजेत तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले असणार. अण्णा, म्हणजे माझे वडील, एरवी नऊला झोपतात. पण तासाभरानं त्यांचा आवाज आला, खोकल्यासकट, फोन तोंडाच्या फार जवळ धरलेला. “फोटो बघितला. झकास आहे. पण काय गं, वर क्रेन नाही आणि खाली पाण्यात आहे. हे कसं काय?”

मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच होती. तळ्याच्या पाण्यात, बदकाच्या उजव्या हाताला, उलटी टांगलेली, थोडी थरथरणारी.

अण्णांनी चाळीस वर्षं साइटवर काढली. आधी गवंड्याच्या हाताखाली, मग स्वतः मिस्त्री, शेवटी कंत्राटदारांकडे सुपरवायझर. आता चौऱ्याऐंशी पूर्ण. त्यांना मनोरे दिसले नाहीत असं नाही, पण त्यांनी आधी शोधली ती क्रेन. मी ‘फोनमध्ये काहीतरी झालं असेल’ असं उत्तर दिलं. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला थाप मारली, आणि तीही बांधकामाबद्दल. लेक शेजारी बसून हसत होती. मला मात्र हसू आलं नाही. बारीकसं काहीतरी लागलं, चपलेत खडा गेल्यासारखं. पुढचे चार दिवस त्या शहरात चालताना तो खडा होताच.

खरं तर मला ती इमारत पहिल्या नजरेला आवडली नव्हती, हे आधी सांगून टाकते. मेट्रोच्या जिन्यावरून वर आले आणि वळले तर समोर एकदम ती. लांबून हळूहळू दिसत जाणं नाही, दिपमाळ नाही, प्राकार नाही. नीट चौकोनी आखलेल्या गल्ल्या, सहा-सात मजली घरं, खाली बेकऱ्या आणि फोनची कव्हरं विकणारी दुकानं, आणि मधेच हे. पूर्वेची बाजू म्हणजे ख्रिस्तजन्माची. इमारतीचा वास्तुकार अंतोनी गौदी, त्याच्या हयातीत ज्या एका दर्शनी बाजूचं काम खऱ्या अर्थानं उभं राहिलं ती हीच. लहानपणी समुद्रावर ओली वाळू मुठीतून गाळत आम्ही किल्ले करायचो, तशी दिसते: ठिबकत ठिबकत चढलेली. त्यात माणसं, गाढव, बैल, पानं, शिंपले, सरडे, बर्फाचे लोंबते सुळके, सगळं एकमेकांत मिसळलेलं. डोळा कुठं टेकवावा ते कळेना. आमच्याकडच्या लग्नाच्या रुखवतात जसं प्रत्येक मावशीनं केलेलं काहीतरी ठेवलेलं असतं आणि काहीच मागं ठेवून चालत नाही, तसं. मी लेकीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “आई, थोडं थांब. खाली बघ.”

खाली, दोन खांबांच्या बुडाशी, दोन कासवं. समुद्राच्या बाजूच्या खांबाखाली समुद्री कासव, वल्ह्यासारख्या पायांचं. डोंगराच्या बाजूच्या खांबाखाली जमिनीवरचं, बोटं असलेलं. पाठीवर सगळा खांब आणि चेहरा असा की आता कुठं दोन पावलं टाकावीत म्हणून मान बाहेर काढली आहे. कासव पाहिल्यावर मात्र मी जरा निवळले. देवळात शिरताना आधी कासवाला हात लावायची सवय असलेल्या बाईला ते परकं वाटणं शक्यच नव्हतं. हात लावायला मनाई आहे, तो भाग वेगळा.

गौदी या मूर्तींसाठी जिवंत माणसांचे, जनावरांचे साचे घ्यायचा. कोंबड्यांना गुंगी देऊन त्यांच्यावर प्लॅस्टर ओतायचा, गाढवाला झोळीत टांगून साचा घ्यायचा. आजूबाजूची माणसं, मजूर, दुकानदार हेच त्याचे संत आणि शिपाई. बायबलमधल्या बालहत्येच्या प्रसंगातल्या रोमन शिपायाच्या पायाला सहा बोटं आहेत, कारण ज्या खानावळीतल्या माणसावरून तो घडवला त्याला सहा होती, असं तिथं सांगतात. आणि वर जे देवदूत वाद्यं वाजवताना दिसतात ते गौदीच्या काळचे नव्हेतच. ते एत्सुरो सोतू नावाच्या जपानी शिल्पकारानं घडवले. हा माणूस १९७८ साली पंचविशीत तिथं आला, दगड घडायचं काम मागितलं, आणि राहिलाच. पुढं कॅथलिकही झाला. खालचे ब्राँझचे दरवाजे त्याचेच, नुसत्या पानांचे, आणि पानांत दडलेले किडे. मी ते किडे शोधत राहिले. एका दगडात इतके हात, इतकी वर्षं. पण हे सगळं मला तेव्हा नीट उमजलं नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की वर कुठं तरी ड्रिल चालू आहे आणि त्याचा आवाज डोक्यात जातोय.

आत गेल्यावर माझी बोलती बंद झाली.

यावर आजवर इतक्यांनी इतकं लिहिलं आहे की मला संकोच वाटतो. तरी सांगते. तिकिटाची वेळ साडेपाचची होती, ऑक्टोबर महिना. ऊन पश्चिमेकडून येत होतं आणि त्या बाजूच्या काचा पिवळ्या, केशरी, लाल. समोरच्या, पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पण त्या आता शांत झालेल्या, त्यांची पाळी सकाळी असते. लाल उजेड खांबांवर पडला होता आणि खांबांवरून फरशीवर, फरशीवरून माणसांच्या चेहऱ्यावर. एका लहान मुलीनं आपला तळहात पुढं धरला होता, त्यावर केशरी डाग पडला की ती मूठ मिटायची, उघडायची. माझ्या पांढऱ्या दुपट्ट्याला हळदी-कुंकवाचा रंग चढला. मधल्या दालनाची उंची ४५ मीटर, आणि जिथं दोन दालनं एकमेकांना छेदतात तिथं ६०. आकडे नंतर वाचले. तिथं उभी असताना इतकंच कळलं की मान मागं टाकून टाकून दुपट्टा, चष्मा सगळं घसरतंय.

खांब म्हणजे झाडंच आहेत असं सगळे म्हणतात. आहेतच. वर जाऊन ते फांद्या फोडतात आणि फांद्यांवर छत पानांसारखं पसरतं. पण मला झाडापेक्षा ते पिळाचं प्रकरण जास्त विलक्षण वाटलं. समजा, आठ टोकांची चांदणी जमिनीवर ठेवली आणि ती हळूहळू उजवीकडे फिरवत वर नेली. एक पिळदार खांब तयार होईल, गुळाच्या पाकाच्या कांडीसारखा. आता तीच चांदणी डावीकडे फिरवत वर नेली. दुसरा खांब. दोन्ही एकमेकांत घातले आणि दोघांना सामाईक असेल तेवढाच दगड ठेवून बाकीचा काढून टाकला. मग खांबाच्या कडा जसं वर जावं तशा दुप्पट होत जातात, आठाच्या सोळा, सोळाच्या बत्तीस, आणि शेवटी इतक्या होतात की खांब गोल भासायला लागतो. दोन पीळ एकमेकांना गिळून टाकतात. हात लावला तर खाली कडा लागतात, वर नजर नेली तर सगळं मऊ. दगडही सगळीकडे एक नाही. ज्यांच्यावर सर्वांत जास्त भार ते चार मधले खांब तांबड्या पॉर्फिरीचे, त्याखालोखाल भार घेणारे काळ्या बसाल्टचे, मग ग्रॅनाइट, आणि हलक्या कामाला वालुकाश्म. म्हणजे रंग पाहून भार ओळखावा. बसाल्टच्या खांबापाशी मी जरा जास्तच रेंगाळले. आमच्याकडच्या प्रत्येक उंबऱ्याचा, पाट्या-वरवंट्याचा दगड तो.

आणि ही सगळी शांतता चालू असताना वरून मधूनमधून ठक्, ठक्. नंतर घर्र. मग परत शांत. कोणी वर बघत नव्हतं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ७ नोव्हेंबर २०१० रोजी या जागेला अभिषेक करून बॅसिलिकेचा दर्जा दिला, तेव्हापासून इथं रीतसर उपासना होते. बांधकाम मात्र थांबलेलं नाही. वास्तुशांत करून घरात राहायला आलो आणि गवंडी अजून मागच्या खोलीत गिलावा करतोय, हे दृश्य आम्हाला काही नवं नाही. माझं तिसरीपर्यंतचं बालपण तसंच गेलं.

इमारतीच्या खाली संग्रहालय आहे. लोक तिथं पाय दुखले म्हणून उतरतात. तिथं छताला एक विचित्र जाळं टांगलेलं आहे: दोऱ्या, दोऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या, आणि ठिकठिकाणी लहान लहान पिशव्या लोंबकळणाऱ्या. एखाद्या कोळ्यानं जाळं वाळत घालावं आणि त्यात मासे राहून गेलेले असावेत असं. मी त्याच्याखाली उभी राहिले आणि एकदम अण्णांचा ओळंबा आठवला.

ओळंबा म्हणजे दोरी आणि तिच्या टोकाला पितळी वजन, खाली निमुळतं. अण्णा आपल्या ओळंब्याला कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी मला भिंतीशी उभं केलं, दोरी वरून सोडली आणि म्हणाले, “आता बघ, हे खोटं बोलत नाही.” वजन डोलत डोलत थांबलं. भिंत आणि दोरी यांच्यात वर जेवढी फट तेवढीच खाली. “पृथ्वीच खाली ओढते, आपण काही करायचं नाही. आपण फक्त भिंत तिच्या मनासारखी ठेवायची.” गौदीनं हेच केलं होतं, फक्त एका दोरीच्या जागी शेकडो दोऱ्या घेऊन. बार्सिलोनाबाहेर कापड गिरणीच्या कामगारांची वसाहत होती, कोलोनिया ग्युएल. तिथल्या चर्चसाठी त्यानं इमारतीचा उलटा नमुना टांगला, एकास दहा प्रमाणात. जिथं जिथं भार यायचा तिथं शिशाच्या छऱ्यांची पिशवी बांधली. दोन टोकांना धरलेली दोरी आपल्या वजनानं जो बाक घेते त्यात दोरीला फक्त ताण असतो. तोच बाक उलटा करून दगडात बांधला की दगडाला फक्त दाब मिळतो, आणि दाब सोसणं एवढं एकच काम दगड मनापासून करतो. नमुन्याचा फोटो घ्यायचा, फोटो उलटा धरायचा, त्यावर चित्र काढायचं, की इमारत तयार. ते चर्च पूर्ण झालंच नाही, १९१४ साली काम थांबलं, नुसतं तळघर बांधून झालं. पण तिथं जमवलेली शिदोरी या मोठ्या कामात उपयोगी पडली. खांब झाडासारखे कलते आहेत ते हौसेनं नव्हे, भार जसा येतो त्या दिशेनं ते झुकलेले आहेत. जुन्या गॉथिक चर्चना बाहेरून जे कमानींचे टेकू लावलेले असतात त्यांना गौदी कुबड्या म्हणायचा. याला कुबड्या नाहीत.

मी त्या दोऱ्यांचा फोटो काढला आणि फोन उलटा केला. आणि मग, कोण जाणे का, तळ्याचा फोटोही उलटा करून पाहिला. आता मनोरे खाली डोकं करून लटकत होते आणि पाण्यातली क्रेन सरळ उभी होती.

रात्री अण्णांना फोन लावला. क्रेनचं काही बोलले नाही, दोऱ्यांचं सांगितलं. त्यांना ते तत्काळ कळलं, मला जितकं सांगता आलं त्याच्याही पुढं. म्हणाले, “वेरूळला कळस आधी केला आणि उतरत उतरत पायापर्यंत आले. ह्यानं नुसतं दोरीत का होईना, तसंच केलं की.” मग थोडं थांबून, “पण काय गं, गुण्यात काहीच नाही त्यात?” गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. अण्णांच्या तोंडी ‘गुण्यात नाही’ ही भिंतीलाही शिवी आणि माणसालाही. मी म्हटलं, “नाही. काटकोन शोधावा लागतो.” “मग गवंड्यानं माप कशाचं धरायचं?”

हा प्रश्न मात्र लाखातला होता, आणि त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळालं. त्यासाठी मी परत तिकीट काढलं. लेकीनं कपाळाला हात लावला. तिकीट स्वस्त नाही. प्रायश्चित्ताचं मंदिर म्हणून हे लोकांच्या दानातून उभं राहायचं ठरलं होतं. एका पुस्तकविक्रेत्यानं, जुझेप मारिया बुकाबेल्यानं, संत जोसेफच्या भक्तमंडळाच्या वतीनं जागा घेतली, १९ मार्च १८८२ ला पायाचा दगड बसला. पहिला वास्तुकार वर्षभरात भांडून गेला आणि एकतिशीतल्या गौदीकडे काम आलं. म्हातारपणी तो स्वतः दारोदार पैसे मागत फिरायचा. आता ते काम आमच्यासारख्या पर्यटकांची तिकिटं करतात. मला त्यात थोडं अवघडल्यासारखं झालं आणि थोडा दिलासाही वाटला: चला, क्रेनचं भाडं आपण दोनदा भरलं.

संग्रहालयात काचेपलीकडे नमुने करणाऱ्यांची कार्यशाळा आहे. आणि अलीकडे, मांडणीवर, प्लॅस्टरचे तुकडे. फुटके. जुलै १९३६ मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा, जमावानं तळघराचं चर्च जाळलं आणि गौदीच्या कार्यशाळेत घुसून नमुने फोडले. आराखडे, फोटो जळून गेले. तो स्वतः दहा वर्षांपूर्वी गेला होता. म्हणजे उरलं काय, तर प्लॅस्टरचा चुरा. तो चुरा माणसांनी गोळा केला, खोक्यांत भरला, आणि पुढची कित्येक दशकं हा तुकडा कुठला, तो कुठला, हे लावत बसली. एका तुकड्यासमोर मी बराच वेळ उभी होते. साधारण नारळाच्या करवंटीएवढा, एका बाजूला गुळगुळीत बाक, दुसरीकडे तुटल्याचे दात. त्यावरून एवढं मोठं छत?

इथंच अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. शेवटच्या वर्षांत गौदीनं मनाला येतील तसे बाक काढणं सोडून दिलं होतं. त्यानं असे आकार धरले की जे दिसायला वळणदार पण सरळ रेषांनीच बनतात. वेताचं स्टूल डोळ्यांपुढं आणा, मधे बारीक, वर-खाली रुंद. त्याची कंबर गोलाईची आहे, पण त्यातली प्रत्येक काडी सरळ असते, नुसती तिरपी लावलेली. काड्या सरळ, आकार वळणाचा. छताला ज्या चांदण्यांसारख्या खिडक्या आहेत त्या सगळ्या याच जातीच्या. असल्या आकाराला नियम असतो. नियम असला की तुकड्यावरून अख्खं काढता येतं, आणि गवंड्याला माप कशाचं धरायचं हेही सांगता येतं: दोन टोकं गाठायची आणि लाइनदोरी ताणायची. १९७९ मध्ये मार्क बरी नावाचा न्यूझीलंडचा विद्यार्थी इथं आला आणि पुढं विमानांचे आराखडे करायच्या सॉफ्टवेअरवर हेच तुकडे जुळवत बसला, ते जमलं या नियमांमुळंच. गौदीला माहीत होतं की आपण हे पुरं करणार नाही. त्याच्या डोळ्यांदेखत एकच घंटामनोरा पूर्ण झाला, १९२५ साली, संत बर्नबासच्या नावाचा. ‘माझ्या मालकाला घाई नाही,’ असं तो देवाबद्दल म्हणायचा म्हणतात. मला या वाक्यापेक्षा ते वेताचं स्टूल जास्त बोलकं वाटतं.

आमच्या मिरजेच्या घराच्या गच्चीवर सहा कॉलमच्या सळया दीड-दोन फूट वर काढून ठेवलेल्या आहेत. १९७८ सालचं घर. खाली तीन खोल्या, वर दोन, आणि त्याच्यावर पुढं-मागं दादा बांधेल म्हणून या सळया. लहानपणी गच्चीवर खेळताना त्यांची भीती घालायचे. आईनं त्यांच्यावर डालड्याचे रिकामे डबे उपडे घातले होते. दोन कॉलमच्या मधे वाळवणाची दोरी, उन्हाळ्यात त्यांच्यामधे कुरडया, सांडगे. दादा पुण्याला गेला, तिथं फ्लॅट घेतला. डबे गंजून गेले. अण्णा दर दोन-तीन वर्षांनी सळयांना सिमेंटची स्लरी फासतात, आता मजूर लावून. मध्यंतरी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं निघालं तेव्हा दादा म्हणाला, कापून टाकू, अडचण होते. अण्णांनी साफ नाही म्हटलं. “एकदा कापल्या की परत जोड द्यायला छिन्नी मारावी लागते. कॉलम दुखावतो.” मी तेव्हा दादाच्या बाजूची होते. गंजलेल्या सळया दिसायला वाईट दिसतात, असंच माझंही म्हणणं होतं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांवर त्या आहेत. बाहेरचा माणूस म्हणेल, या गावात सगळी घरं अर्धवटच कशी?

तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या बाजूला गेलो. ही ख्रिस्ताच्या दुःखभोगाची बाजू, आणि ती पाहून मला प्रामाणिकपणे धक्का बसला. तिकडे ओली वाळू, इकडे कुऱ्हाडीनं तासलेली हाडं. जुझेप मारिया सुबिराक्स या शिल्पकारानं १९८७ पासून इथल्या मूर्ती केल्या. चेहरे कोनदार, गाल धारदार. त्यानं काम घेतानाच सांगितलं होतं की मी गौदीची नक्कल करणार नाही. लोकांनी निदर्शनं केली. त्याही आधी, १९६५ मध्ये, ल कॉर्बुझिएसारख्या नामांकित वास्तुकारांच्या सह्यांचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं होतं की बांधकाम थांबवा, मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्यांनी काही उभारू नये. पत्र छापून आलं आणि वर्गणी वाढली, असं लेक म्हणाली. ते खरं असो-नसो, मला त्या पत्रातला प्रश्न खोटा वाटत नाही. संगणकानं कापलेले दगड, पोलाद घालून ताणलेले दगडी पॅनल, शहरातल्याच माँट्जुइक टेकडीवरची खाण संपल्यावर परदेशांतून आलेला दगड, हे गौदीचं का? नवा भाग गुळगुळीत दिसतो, थोडा दंतवैद्यानं बसवलेल्या दातासारखा. मला तो दात आवडला नाही. पण सुबिराक्सच्या त्या बिनडोळ्यांच्या व्हेरोनिकापाशी, जिच्या हातातल्या कापडावर ख्रिस्ताचा चेहरा उमटला आहे आणि जिला स्वतःला चेहराच दिलेला नाही, मी थांबले आणि मला त्याचं म्हणणं थोडं कळलं. कुणाच्या तरी चेहऱ्याचा ठसा वागवायचा, तर असं.

दक्षिणेची बाजू, वैभवाची, अजून व्हायची आहे. तिच्यासमोर मोठा जिना योजलेला आहे, आणि जिना उतरायचा तर रस्त्यापलीकडची राहती घरं पाडावी लागतील. तिथल्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. एक म्हातारी कुंड्यांना पाणी घालत होती, आणि तिच्या गॅलरीतून ती रोज हीच भिंत बघत असणार. तिच्या बाजूनं विचार केला की क्रेन फार वेगळी दिसते. ते मी मनात ठेवून देते, त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

संग्रहालयातल्या एका खिडकीतून खाली तळघरातली गौदीची कबर दिसते. मेणबत्त्या, कुणी तरी गुडघे टेकलेलं. ७ जून १९२६ ला तो प्रार्थनेला पायी निघाला असताना ट्रामनं त्याला उडवलं. अंगावरचे कपडे इतके जीर्ण की लोकांना भिकारी वाटला, टॅक्सीवाले न्यायला तयार होईनात. गरिबांच्या दवाखान्यात नेलं. ओळख दुसऱ्या दिवशी पटली. १० तारखेला गेला, त्र्याहत्तर वर्षांचा. शेवटचे महिने तो या साइटवरच राहत होता, कार्यशाळेत खाट टाकून. साइटवर राहणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांच्या केसांत, भुवयांत, नखांत सिमेंट असतं, आणि लग्नाला गेली तरी ते जात नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मिरजेला गेले. अण्णांना गच्चीवर ऊन खायचं असतं, खुर्ची दोन कॉलमच्या मधे टाकलेली. मी मूळ फोटो दाखवला, क्रेनसकट, आणि मी पुसल्या होत्या हेही सांगितलं. त्यांनी “बरं” म्हटलं. फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणि मनोरे बाजूला सारून क्रेनपाशी आले. मग मी त्यांना खास राखून ठेवलेली बातमी सांगितली: या बांधकामाला रीतसर परवाना २०१९ मध्ये मिळाला. १८८५ मध्ये अर्ज केला होता, त्या वेळच्या लगतच्या गावाकडे. उत्तर आलं नाही, पुढं ते गाव शहरात गेलं, आणि पायाचा दगड बसल्यापासून १३७ वर्षं सगळं बिनपरवाना. शेवटी ४६ लाख युरो भरून कागद झाला. अण्णा इतके हसले की खोकला लागला. “म्हणजे गुंठेवारीतलंच म्हणायचं की!”

२०२५ च्या ऑक्टोबरअखेर बातमी आली की मधल्या, ख्रिस्ताच्या मनोऱ्यावर क्रूसाचा पहिला भाग चढला. उंची १६२.९१ मीटर, जर्मनीतलं उल्मचं चर्च मागं पडलं, जगातलं सर्वांत उंच चर्च आता हे. मनोऱ्याची पुरी उंची १७२.५ मीटर, माँट्जुइक टेकडीपेक्षा थोडी कमी, कारण देवानं केलेल्या टेकडीहून आपलं काम उंच नको असं गौदीनं ठरवलं होतं. मी बातमीतला फोटो अण्णांना पाठवला. या वेळी काही पुसलं नव्हतं. क्रूसाचा तुकडा हवेत, त्याला धरलेली क्रेन, आणि खाली सगळं शहर खेळण्यासारखं.

संध्याकाळी त्यांचा फोन. उंचीचं काही नाही, उल्मचं काही नाही.

“ही क्रेन खाली कशी आणतात माहीत आहे का तुला?”

मला माहीत नव्हतं.

“मीही चार मजल्यांच्या वर काम केलं नाही कधी. पण पुण्याच्या एका साइटवर विचारून घेतलं होतं. मोठीला उतरवायला तिच्याहून छोटी वर चढवतात. ती मोठीचे तुकडे करून खाली सोडते. मग ह्या छोटीला उतरवायला त्याहून छोटी. असं करत करत शेवटची जी उरते, ती माणसं सुटी करतात. नट-बोल्ट काढून. आणि जिन्यानं आणतात.”

“जिन्यानं?”

“जिन्यानं. खांद्यावर घेऊन.”